कारण कोणते, दोष कोणाचा?

अपघाताची वार्ता गावात आली की पहिल्या घटकेला माणसे हळहळतात आणि दुसऱ्या घटकेला विचारतात, "चूक कोणाची?" मोटारसायकल झाडावर आदळलेली असो, मचवा बुडालेला असो की दूरदेशी विमान कोसळलेले असो, प्रश्न तोच. या प्रश्नात मुळात वावगे काही नाही. न्यायाची भूक परमेश्वरानेच माणसाच्या अंतःकरणात ठेवली आहे. परंतु त्याचे उत्तर ज्या घाईने दिले जाते ती घाई आम्हांला नेहमी अस्वस्थ करते. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही, म्हणून बहुधा चूक त्याच्याच माथी मारली जाते. 'भरधाव होता', 'कुणाचे ऐकत नसे', 'अमुक केले असते तर वाचला असता'. अंत्यविधीच्या मिस्सासाठी आम्ही वेदीपाशी उभे राहतो तेव्हा हे शब्द कानी पडलेले आईबाप समोरच्या बाकावर बसलेले असतात. त्यांचे चेहरे वेगळे ओळखू येतात. दुःखाच्या जोडीला तेथे एक प्रकारची शरम असते, आणि ती त्यांच्यावर आपण लादलेली असते.

नीतिशास्त्राने कारण आणि दोष यांत फार पूर्वीपासून भेद केला आहे. जुन्या पाठ्यपुस्तकांत शिकाऱ्याचे उदाहरण देत असत. झुडपात हालचाल दिसली, शिकाऱ्याने बाण सोडला, आणि झुडपामागे माणूस होता. बाण हे मृत्यूचे कारण खरे. पण शिकारी दोषी आहे की नाही हे त्याला काय ठाऊक होते, काय जाणून घेणे त्याला शक्य होते आणि ते जाणून घेणे त्याचे कर्तव्य होते की नाही, यावर ठरते. सेमिनरीच्या वर्गात हे सारे सोपे वाटे. प्रत्यक्ष आयुष्यात झुडपे पुष्कळ असतात आणि शिकारी एकटा नसतो. म्हणून या लेखात आम्ही आमच्याच काळातील एक प्रसंग विचारासाठी घेत आहोत : तेहतीस हजार फुटांवर असताना विजेच्या तारांतील बिघाडाशी आणि आगीशी ज्याच्या वैमानिकांना झुंजावे लागले, अशा एका प्रवासी विमानाचा. विमान अपघाताचा जितक्या चिकाटीने तपास होतो तितका माणसाच्या मृत्यूचा तपास अन्यत्र क्वचितच होतो. आणि या तपासातून जे निष्पन्न झाले त्याने 'चूक कोणाची' या प्रश्नाची आमची सवयीची मांडणीच डळमळीत केली.

आधी विमानातील विजेविषयी थोडे सांगितले पाहिजे. प्रवासी म्हणून आपण बसतो तेव्हा वीज म्हणजे डोक्यावरचा वाचनाचा दिवा आणि गरम जेवण. वस्तुतः आधुनिक विमानाचे डोळे, कान आणि बऱ्याच अंशी मज्जातंतू विजेवरच चालतात. प्रत्येक इंजिनाला जनित्र जोडलेले असते; शेपटीत एक छोटे इंजिन राखीव वीज देण्यास समर्थ असते; त्यामागे बॅटऱ्या असतात; आणि अनेक विमानांत शेवटचा उपाय म्हणून बाहेर उतरणारी एक लहानशी पवनचक्कीही असते, जी केवळ वाऱ्याच्या झोताने फिरून मोजकी वीज निर्माण करते. ही वीज वेगवेगळ्या वितरणवाहिन्यांतून खेळवलेली असते. वैमानिक त्यांना 'बस' म्हणतात. घरच्या बोर्डावर जसा पंख्याचा फ्यूज वेगळा आणि पंपाचा वेगळा, तसेच हे, पण कितीतरी पटींनी गुंतागुंतीचे. एक वाहिनी बंद पडली तर दुसरीने तिचा भार उचलावा, आणि वीजच अपुरी पडली तर कमी महत्त्वाच्या गोष्टी आधी बंद व्हाव्यात, अशी योजना असते.

या योजनेला लोडशेडिंग म्हणतात, आणि हा शब्द महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. २००५ नंतरची काही वर्षे गावोगाव त्याच शब्दाने उजाडत आणि मावळत होती. विमानात आधी जातात त्या जेवण गरम करण्याच्या भट्ट्या आणि करमणुकीचे पडदे. सर्वांत शेवटपर्यंत जपली जातात ती क्षितिज दाखवणारे यंत्र, उंची व वेग दाखवणारी यंत्रे आणि बाहेरच्या जगाशी बोलण्याचा एक रेडिओ. (गावात कोणाचे दिवे आधी जावेत याचा क्रम याहून वेगळ्या नियमाने ठरत असे. असो.) वैमानिकांना शिकवताना एक क्रम पक्का बिंबवतात : आधी विमान उडते ठेवा, मग दिशा पाहा, मग बोला. कशाचा त्याग आधी करायचा आणि काय अखेरपर्यंत धरून ठेवायचे हे संकट येण्यापूर्वी, शांत मनाने ठरवून ठेवलेले असते, कारण संकटात तेवढा विचार करायला वेळ मिळत नाही. पुढे जे घडले ते या क्रमातच कोणीतरी नकळत पाडलेल्या एका छिद्रामुळे अधिक दुःखद ठरते, म्हणून हे इतके विस्ताराने सांगितले.

२ सप्टेंबर १९९८ च्या रात्री स्विसएअरचे १११ क्रमांकाचे उड्डाण न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघाले. विमान एमडी-११ जातीचे, तीन इंजिनांचे. आत २१५ प्रवासी आणि १४ कर्मचारी. उड्डाणानंतर सुमारे बावन्न मिनिटांनी कॉकपिटमध्ये वैमानिक व सहवैमानिक यांना वेगळाच वास आला. थोडा धूर दिसला, मग तो दिसेनासा झाला. वातानुकूलन यंत्रणेत काहीतरी झाले असावे, असा त्यांनी समज करून घेतला. विमानात असे वास अधूनमधून येतात आणि बहुतेक वेळा ते निरुपद्रवी ठरतात. तीन-चार मिनिटांनी धूर पुन्हा आला. तेव्हा त्यांनी नियंत्रकाला तातडीचा, परंतु सर्वोच्च संकटाचा नव्हे असा संदेश दिला. बोस्टनला परतण्याचा विचार त्यांनी बोलून दाखवला, पण बोस्टन पाचशे किलोमीटरांहून दूर राहिले होते. नियंत्रकाने कॅनडातील हॅलिफॅक्स सुचवले. ते शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर होते. त्यांनी तत्काळ हॅलिफॅक्स स्वीकारले, प्राणवायूचे मुखवटे चढवले आणि ते खाली येऊ लागले.

येथून पुढच्या काही मिनिटांवर नंतर जगभर चर्चा झाली. धावपट्टी जवळ येत होती, पण विमान अजून फार उंच होते आणि इंधनाने जड होते. उंची कमी करायला अंतर हवे होते आणि वजन कमी करायला इंधन सोडून द्यायचे होते. म्हणून ते हॅलिफॅक्सवर थेट न उतरता इंधन सोडण्यासाठी दक्षिणेकडे, समुद्राच्या बाजूला वळले. त्याच वेळी 'अज्ञात उगमाचा धूर' या संकटासाठी नेमून दिलेली तपाससूची ते क्रमाने पार पाडत होते. ही सूची पूर्ण करायला वीस ते तीस मिनिटे लागू शकतात, असे पुढे तपासनिसांनी म्हटले. वास आल्यापासून सुमारे तेरा मिनिटांनी एकेक यंत्रणा झपाट्याने मरू लागली. स्वयंचलित चालक सुटला. वैमानिकांनी सर्वोच्च संकट घोषित केले, आणि मिनिटभरातच नोंदयंत्रेही थांबली. उरलेल्या साडेपाच मिनिटांचा आवाज कोणाकडेच नाही. पहिल्या वासानंतर वीस मिनिटे आणि चाळीस सेकंदांनी नोव्हा स्कोशियातील पेगीज कोव्ह या कोळ्यांच्या गावापासून काही मैलांवर विमान समुद्रात पडले. त्या रात्री आसपासच्या कोळ्यांनी आपापल्या होड्या अंधारात लोटल्या, कोणी जिवंत हाती लागेल या आशेने. किनाऱ्यावरच्या आमच्या धर्मग्रामांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. २२९ पैकी कोणीही वाचले नव्हते.

लगेच न्यायनिवाडा सुरू झाला. धूर दिसताच थेट का उतरले नाहीत? इंधन सांडत का बसले? जीव मोठा की कागदावरची यादी मोठी? हा आक्षेप वरवर पाहता ख्रिस्ती वाटतो. शब्बाथ मनुष्यासाठी आहे ही प्रभू येशूची शिकवण आपण जाणतोच, आणि नियमाला चिकटून जीव गमावणे हा परुश्यांचा मार्ग, असे म्हणणे सोपे आहे. पण हा युक्तिवाद आम्हांला मान्य नाही. शेवट काय झाला हे ठाऊक झाल्यावर सुरुवातीचा वास ओळखणे सोपे असते. ज्यांनी तो वास घेतला त्यांच्यासमोर शेवट नव्हता. त्यांच्यासमोर होता एक अस्पष्ट धूर, जड विमान, अनोळखी विमानतळ, काळोख आणि शेकडो माणसे. अतिजड विमान घाईने उतरवताना अपघात घडला असता आणि धूर क्षुल्लक कारणाचा निघाला असता, तर याच न्यायाधीशांनी म्हटले असते की सूची का पाळली नाही.

कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने चार वर्षांहून अधिक काळ तपास केला. समुद्रतळातून विमानाचे तुकडे वेचून काढले, पुढचा भाग सांगाड्यावर पुन्हा जुळवला, तारांच्या तुकड्यांची सूक्ष्म पाहणी केली. मार्च २००३ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातील एक निष्कर्ष आम्ही पुन्हा पुन्हा वाचला आहे. पहिला वास आल्यानंतर विमान मार्गावरील ज्या कोणत्या बिंदूवर होते, त्या कोणत्याही बिंदूपासून हॅलिफॅक्सला सुरक्षित उतरण्यास जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ आगीने त्यांना दिलाच नव्हता. म्हणजे ज्या निर्णयाबद्दल त्या दोघांना बोल लावला गेला तो निर्णय वेगळा असता तरी ते वाचले नसते. ज्या दाराशी गर्दी करून आपण मृतांवर बोट रोखले होते, त्या दाराच्या मागे वाटच नव्हती.

पण येथे सावध राहिले पाहिजे. 'तसेही वाचले नसते, म्हणून दोष नाही' हाही युक्तिवाद पुरेसा नाही. समजा वाट असती आणि त्यांनी ती घेतली नसती, तर ते दोषी ठरले असते काय? संत थॉमस अक्वायनस यांनी हा प्रश्न सातशे वर्षांपूर्वी हाताळला आहे : कृतीनंतर घडणाऱ्या परिणामाने कृतीचे चांगले-वाईटपण बदलते काय? त्यांचे उत्तर असे की, परिणाम आधी दिसत असेल तर बदलते. दिसत नसेल, पण त्या जातीच्या कृतीतून तो स्वभावतःच उद्भवत असेल तरीही बदलते. मात्र अनपेक्षितपणे, योगायोगाने घडलेल्या परिणामाने कृतीची नैतिक किंमत बदलत नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातही १७३५ व्या परिच्छेदात अज्ञान, अनवधान, दडपण, भय अशा कारणांनी मनुष्याकडे लागणारी जबाबदारी कमी होते, कधी नाहीशीही होते, असे शिकवले आहे. त्या दोघांचे काम त्यांनी त्या क्षणी जे जाणले आणि जे जाणणे शक्य होते त्यावरूनच जोखले पाहिजे, आणि तसे जोखले असता आम्हांला त्यांच्यात दोष सापडत नाही.

तरी नियमपालन म्हणजेच विवेक असेही आम्ही म्हणणार नाही. चार मुख्य सद्गुणांत विवेकाला पहिला मान आहे तो तो नियमांचा कारकून आहे म्हणून नव्हे. त्याची अंगे सांगताना संत थॉमस स्मरण सांगतात, दुसऱ्याकडून शिकून घेण्याची तयारी सांगतात, अनपेक्षित प्रसंगी चटकन योग्य ते हेरण्याची हातोटी सांगतात, दूरदृष्टी आणि सावधगिरी सांगतात. याशिवाय विवेकाच्या परिवारात त्यांनी एका फारशा परिचित नसलेल्या सद्गुणाला जागा दिली आहे. ग्रीकमधून घेतलेले त्याचे नाव 'ग्नोमे'. जेथे सामान्य नियम अपुरा पडतो तेथे त्या नियमामागच्या अधिक उंच तत्त्वावरून निवाडा करणारी ही बुद्धी. ती प्रत्येकाला हवी, पण तिला काहीतरी दिसायला हवे. ती शून्यातून सोडवणूक करत नाही.

याचा पडताळा पाहण्यासाठी आम्हांला कॅनडापर्यंत जाण्याची गरज नाही. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे जंबो विमान 'सम्राट अशोक' उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्याच्या समोरील समुद्रात कोसळले. २१३ जण गेले. वांद्र्याच्या किनाऱ्यावरील वृद्ध मंडळींच्या स्मरणात ते अजून आहे. मुख्य वैमानिकासमोरचे क्षितिजदर्शक यंत्र बिघडून विमान उजवीकडे कललेले आहे असे खोटेच दाखवू लागले, आणि त्याला सावरण्यासाठी विमान डावीकडे झुकवले गेले. बाहेर पाहावे तर खाली काळा समुद्र व वर काळे आकाश. खरे क्षितिज कोठेच नाही. इतर यंत्रे ठीक होती, आणि विमान अभियंत्याने त्या विसंगतीकडे लक्ष वेधलेही होते. पण अवधी मोजक्या सेकंदांचा होता. यंत्र काळे पडले तर निदान ते आंधळे झाले हे कळते. खोटे बोलणाऱ्या यंत्रापुढे स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडून दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते, आणि तेही निमिषार्धात. शिकून घेण्याची जी तयारी संत थॉमस विवेकाचे अंग मानतात, तिचेच शिक्षण १९८० नंतर जगभरच्या विमान कंपन्या देऊ लागल्या : ज्येष्ठाने कनिष्ठाचे ऐकावे आणि कनिष्ठाने न घाबरता बोलावे. आमच्या धर्मग्राम परिषदांच्या बैठकांतही या शिक्षणाचा उपयोग झाला असता, असे अनेकदा मनात येते.

आता पुन्हा स्विसएअरकडे. वैमानिक निर्दोष असतील तर मग दोष कोठेच नव्हता काय? येथेच आमचा खरा मुद्दा सुरू होतो. आग कॉकपिटच्या मागच्या बाजूला, छताच्या वरच्या पोकळीत लागली होती. तेथे धूर ओळखणारे यंत्र नव्हते, आग विझवण्याची सोयही नव्हती. तशी ती असावी असा नियमच नव्हता. त्या जागी उष्णतारोधक गाद्यांवर एक चकाकता पातळ पापुद्रा होता. तो सहज पेट घेई आणि आग पसरवी, तरी त्या काळी लागू असलेली ज्वलन चाचणी तो पार करून आला होता. आणि त्याच जागी प्रवाशांच्या करमणुकीसाठी नंतर बसवलेल्या यंत्रणेच्या तारा होत्या. त्यांपैकी एका तारेवर ठिणगी पडून तांबे वितळल्याची खूण सापडली. आगीचा आरंभ झाला त्याच्याशी ही ठिणगी बहुधा निगडित होती, इतकेच तपासनीस म्हणतात. तीच पहिली ठिणगी होती असे ते खात्रीने म्हणत नाहीत. त्यांचा हा संयम आम्हांला आदरणीय वाटतो.

परंतु याहून मनाला लागणारी गोष्ट दुसरीच आहे. ही करमणुकीची यंत्रणा विमानाच्या ज्या वितरणवाहिनीला जोडली होती ती प्रवासी कक्षाची वाहिनी नव्हती. धुराच्या तपाससूचीतील पहिली पायरी होती प्रवासी कक्षाची वीज बंद करणे. वैमानिकांनी ती बंद केली. ती बंद केल्यावर करमणुकीचे पडदेही बंद पडतील, असे समजण्यास त्यांना पुरेपूर कारण होते. पण ती यंत्रणा दुसऱ्या वाहिनीवर होती, म्हणून चालूच राहिली. लोडशेडिंगचा जो क्रम शांत मनाने ठरवलेला होता त्याच्याशी ही जोडणी विसंगत होती. उलट ती कळ दाबल्याने हवा खेळवणारे पंखे तेवढे थांबले, हवेची दिशा उलटली आणि छतातला धूर कॉकपिटकडे ओढला गेला. ज्या नियमावर विश्वास ठेवून माणसाने हात पुढे केला, त्या नियमाखालची जमीन कोणीतरी आधीच सरकवली होती.

हे कोणी केले? कोणा दुष्टाने नव्हे. कोणीतरी आराखडा काढला, कोणीतरी तपासला, कोणीतरी तार ओढली, कोणीतरी प्रमाणपत्र दिले. प्रत्येकाजवळ आपापल्या कागदावर आपापली सही होती. 'त्या वाहिनीवर का?' हा एक प्रश्न विचारायचा राहून गेला. मिस्साच्या आरंभी पापांगीकार करताना आपण विचार, शब्द आणि कृती यांच्याबरोबर कर्तव्यात केलेल्या कसुरीही कबूल करतो. तोंडाने आपण ते दर रविवारी म्हणतो, पण पापनिवेदनाला येणाऱ्यांत कसुरीचे पाप सांगणारा विरळा. शिवी दिली हे आठवते. तपासायचे होते ते तपासले नाही हे आठवत नाही, कारण न केलेल्या गोष्टीला आवाज नसतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ मधील आपल्या उपदेशपत्रात सामाजिक पापाविषयी लिहिताना हेच दाखवून दिले की ते अनेक व्यक्तींच्या वैयक्तिक पापांच्या साठ्यातून उभे राहते, आणि त्या पापांत टाळाटाळ करणाऱ्यांचा व त्रास नको म्हणून गप्प बसणाऱ्यांचाही वाटा असतो. या अपघातात कोणाचे मन कितपत सदोष होते हे ठरवण्याचा अधिकार आम्हांला नाही. कॅनडाच्या मंडळालाही कायद्याने दोष ठरवण्याचे काम दिलेले नाही. पण दोष शोधायचाच असेल तर तो कॉकपिटमध्ये नव्हे, कित्येक महिने आधी, जमिनीवर, भर उजेडात, चहाच्या पेल्याशेजारी ठेवलेल्या कागदांत शोधावा लागेल, एवढे निश्चित. सणाच्या रोषणाईसाठी आमच्या चर्चच्या आवारात तारा ओढल्या जातात तेव्हा मीटरवर किती भार आला, उघड्या जोडांवर नुसती चिकटपट्टी आहे काय, पाऊस आला तर काय, हे विचारणारा कोण असतो? समितीत मतभेद होतात ते बँड कोणता आणावा यावर.

याच्या जोडीला आणखी एक प्रसंग ठेवल्यावाचून हा विचार पुरा होत नाही. ७ जानेवारी २००८ रोजी क्वांटास कंपनीचे लंडनहून बँकॉकला आलेले जंबो विमान ३६५ जणांना घेऊन उतरू लागले असताना त्याच्या चार वीजवाहिन्यांपैकी तीन एकाएकी मृत झाल्या. विमानाच्या खानपान विभागातून झिरपलेले पाणी खालच्या विद्युत कक्षात उतरले होते. ते अडवणाऱ्या आवरणाला भेगा होत्या. सहवैमानिकाचे पडदे काळे पडले, महत्त्वाची यंत्रे बॅटरीवर आली, आणि बॅटरीचे आयुष्य खात्रीने धरावे तर अर्ध्या तासाचे. वैमानिकांनी विमान शांतपणे उतरवले. कोणालाही इजा झाली नाही. पण त्या वेळी लख्ख दिवस होता, हवा स्वच्छ होती आणि धावपट्टी समोर, वीस-पंचवीस किलोमीटरांवर होती. हाच बिघाड काही तास आधी, रात्री, भर समुद्रावर झाला असता तर? वैमानिक तेच, त्यांचे कौशल्य तेच, भेगाही त्याच. आणि त्या भेगांमागचे दुर्लक्षही तेच. बँकॉकला कोणी मेले नाही म्हणून ते दुर्लक्ष तसूभरही कमी ठरत नाही.

अशा वेळी आपल्या घरांतून जे वाक्य सहज निघते त्याविषयी आम्हांला बोलायचे आहे. आखातातून, इस्राएलच्या यात्रेहून, मुलाबाळांच्या भेटीहून कोणी संकटातून सुखरूप परतले की आभाराची मिस्सा सांगितली जाते आणि कोणीतरी म्हणते, 'देवाने वाचवले. आपली रोझरी कामी आली.' आभार मानावेत. ते मानलेच पाहिजेत. आयुष्यातील प्रत्येक दिवस दानच आहे. परंतु त्याच बाकावर जिचा नवरा परतला नाही अशी विधवाही बसलेली असते. तिने रोझरी म्हटली नव्हती काय? पेगीज कोव्हच्या समुद्रात पडलेल्या विमानात कोणी जपमाळ हातात घेतलीच नसेल काय? बँकॉकला देव होता आणि नोव्हा स्कोशियात नव्हता, असे आपल्याला म्हणायचे आहे काय?

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. तो बुरूज कोणी बांधला, पाया कच्चा होता की काय, हे तेथे सांगितलेले नाही. लोकांच्या मनात जो हिशेब होता तो मात्र प्रभूने ओळखला : मेले त्या अर्थी ते अधिक पापी असले पाहिजेत. प्रभूने तो हिशेब ठामपणे नाकारला आणि मृतांवरची नजर काढून ऐकणाऱ्यांकडे वळवली, की तुम्ही तुमच्या पश्चात्तापाचे पाहा. मृतांचा दोष शोधू पाहणाऱ्यांना तेथे जिवंतांच्या कर्तव्याची आठवण मिळते. आभाराच्या मिस्सात 'आम्ही वाचलो' एवढेच म्हणावे, 'आम्हांला निवडून वाचवले' असे म्हणू नये, असे आम्ही आमच्या धर्मग्रामात सांगत असतो. काहींना ते कोरडे वाटते. तरीही आम्ही सांगतो, कारण दुसऱ्या वाक्याची किंमत त्या विधवेला मोजावी लागते.

त्या २२९ जणांच्या मृत्यूनंतर जिवंतांनी काही केले हेही नमूद केले पाहिजे. चकाकत्या पापुद्र्याची ती आवरणे विमानांतून काढून टाकण्याचे आदेश निघाले. ज्वलन चाचण्या कडक झाल्या. धुराच्या तपाससूच्या नव्याने लिहिल्या गेल्या, आणि उगम सापडेपर्यंत थांबू नका, जवळच्या विमानतळाकडे आधी वळा, हा विचार त्यांत वर आणला गेला. मागील तीस वर्षांतील आगींचा आढावा घेतला असता पहिल्या खुणेपासून शेवटापर्यंत पाच ते पस्तीस मिनिटेच मिळाली होती असे आढळले. वीस-तीस मिनिटांची सूची अशा वेळी काय कामाची, हे तेव्हा कोठे सर्वांना दिसले. म्हणजे नियमही शिकतो. संत थॉमस ज्याला स्मरण म्हणतात ते एका माणसाच्या डोक्यात राहण्याइतके लहान नसते. ते सूचीच्या कागदावर उतरते, आणि पुढचा वैमानिक ती वाचतो तेव्हा आपण कोणाचा वारसा वाचत आहोत हे त्याला बहुधा ठाऊकही नसते.

तपासनिसांना अवशेषांत आणखी एक गोष्ट आढळली. आघातापूर्वी सुमारे एक मिनिट आधी मधले इंजिन कॉकपिटमधून बंद करण्यात आले होते. पडदे काळे, भोवती धूर, बाहेर चंद्रही दिसू नये असा काळोख. आणि तरी कोणाचा तरी हात त्या कळीपर्यंत पोहोचला होता, कारण त्या क्षणी तेच करणे आवश्यक आहे असे त्याला वाटले. अहवालात त्या वितळलेल्या तारेला क्रमांक आहे. ती तार ओढणाऱ्याचे नाव आम्हांला ठाऊक नाही. त्याने ती दाखवलेल्या जागी, सांगितल्याप्रमाणे, कदाचित चोखपणेही ओढली असेल. नोव्हेंबरात कबरस्तानात दिवे लावून आम्ही मृतांसाठी प्रार्थना करतो तेव्हा त्या विमानातील सर्वांची आठवण करतो, आणि त्यांच्यामागून त्याचीही.